एलागाबालसची बदनाम कारकीर्द कशी वाचावी

इ.स. २१८ मध्ये चौदाव्या वर्षी रोमचा सम्राट झालेला आणि २२२ च्या मार्च महिन्यात, अठराव्या वर्षी, स्वतःच्याच रक्षकदलाकडून मारला गेलेला एलागाबालस आज इतिहासापेक्षा किश्श्यांमध्येच अधिक भेटतो. फुलांच्या राशीखाली गुदमरलेले पाहुणे, मोरांच्या जिभांची पक्वान्ने, व्रतस्थ पुजारिणीशी लावलेले लग्न, एका सारथ्याला ‘पती’ म्हणणे, आणि या सगळ्यावर कडी म्हणजे एका काळ्या दगडाला रोमच्या देवमंडळाच्या अग्रस्थानी नेऊन बसवणे, असा हा ऐवज आहे. हे किस्से ओळीने वाचणारा माणूस एक तर सगळे खरे मानून मोकळा होतो, किंवा सगळेच शत्रूंनी पिकवलेल्या कंड्या म्हणून झटकून टाकतो. दोन्हींमध्ये कष्ट वाचतात, हाती मात्र काही लागत नाही. वास्तविक या कारकिर्दीची साधने मोजकी आहेत, ती केव्हा आणि कोणत्या परिस्थितीत लिहिली गेली हे बरेचसे ठाऊक आहे, आणि म्हणून एकेक किस्सा सुटा करून तो कितपत टिकतो हे पाहणे सामान्य चिकित्सक वाचकालाही जमण्यासारखे आहे.

तपासणीची सुरुवात किश्श्यांपासून करू नये. ज्यांविषयी वाद नाही अशा घटना आधी तारखांसह कागदावर मांडून घ्याव्यात. सम्राट कॅराकालाचा ८ एप्रिल २१७ रोजी मेसोपोटेमियात खून झाला आणि त्याच्या रक्षकदलाचा प्रमुख मॅक्रिनस गादीवर बसला. कॅराकालाची मावशी ज्युलिया मेसा हिला राजवाडा सोडून सीरियातील एमेसा या आपल्या गावी, म्हणजे आजच्या होम्स शहरात, परतावे लागले. तिच्या घराण्याकडे तेथील एलागाबाल या देवाचे पौरोहित्य वंशपरंपरेने चालत आलेले होते, आणि तिची मुलगी ज्युलिया सोएमियास हिचा मुलगा व्हेरियस अविटस बासियानस हा त्या वेळी देवाचा पुजारी होता. मॅक्रिनसने नव्या भरतीच्या सैनिकांच्या सवलती कमी केल्यामुळे छावण्यांत असंतोष होताच. मेसाच्या गोटातून त्यात एक वावडी सोडण्यात आली, की हा मुलगा कॅराकालाचाच आहे. १६ मे २१८ रोजी सीरियातील राफानिया येथे तिसऱ्या गॅलिका लीजनने, म्हणजे रोमन सैन्याच्या एका मोठ्या पलटणीने, त्याला सम्राट म्हणून घोषित केले, ८ जूनला अँटिओकजवळच्या लढाईत मॅक्रिनसचा पराभव झाला, आणि पुढे तो पळताना पकडला जाऊन मारला गेला.

एवढ्या मांडणीतूनच दोन गोष्टी लक्षात येतात. राज्य या मुलाने मिळवले नाही, ते त्याच्यासाठी मिळवण्यात आले. आणि ज्या भांडवलावर ते मिळवले ते म्हणजे कॅराकालाचे ‘अँटोनायनस’ हे नाव, जे त्याने राज्यारोहणानंतर धारण केले. ‘एलागाबालस’ हे त्याचे अधिकृत नाव कधीच नव्हते, ते त्याच्या देवावरून नंतर पडले. इतिहासकार कॅसियस डिओ त्याला वारंवार ‘तोतया अँटोनायनस’ म्हणतो तेव्हा तो नुसती शिवी देत नसतो, तर सत्तेच्या मुळावरच घाव घालत असतो. आईच्या अब्रूची किंमत मोजून, तिच्या मावसभावाचा अनौरस मुलगा म्हणवून घेत गादीवर आलेल्या मुलाविषयी पुढे जे जे लिहिले गेले ते या पार्श्वभूमीवर वाचावे लागते.

यानंतर साधनांची प्रतवारी करावी. बखर आणि समकालीन पत्र यांच्या वजनात मराठी वाचक जो फरक करतो तोच येथे उपयोगी पडतो, फक्त येथील ‘पत्र’ बहुधा धातूचे किंवा दगडाचे असते. सर्वांत वर नाणी, शिलालेख आणि तारखा असलेले सरकारी लेख ठेवावेत. त्यांत स्तुती असते, खोटेपणाही असतो, पण तो त्याच वर्षीचा आणि सरकारचा स्वतःचा खोटेपणा असतो, त्यामुळे सरकारला काय दाखवायचे होते हे त्यातून नेमके कळते.

त्याखाली कॅसियस डिओ. तो त्या काळात हयात असलेला सिनेटर होता, कागदपत्रांपर्यंत आणि माणसांपर्यंत त्याची पोच होती, आणि तो माणसांची नावे देतो. तथापि त्याच्याविषयी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पर्गामम आणि स्मर्ना या शहरांवर देखरेखीसाठी त्याला मॅक्रिनसने नेमले होते, म्हणजे ज्या सम्राटाला पाडून हा मुलगा आला त्याचाच तो माणूस होता, आणि राजवाड्यात जे घडले म्हणून तो सांगतो त्यातले बरेचसे घडत असताना तो रोममध्ये नव्हता. दुसरे असे, की त्याने हा भाग लिहिला तो पुढच्या राजवटीत, ज्या अलेक्झांडरने एलागाबालसची जागा घेतली त्याच्या कृपेने, आणि २२९ मध्ये त्याच अलेक्झांडरबरोबर तो दुसऱ्यांदा कॉन्सल, म्हणजे रोमचा सर्वोच्च वार्षिक पदाधिकारी, झाला. तिसरी गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते. डिओचा मूळ मजकूर या कारकिर्दीच्या पूर्वार्धापुरता एका जुन्या हस्तलिखितात तुटक स्वरूपात टिकला आहे, तर उत्तरार्धासाठी मुख्यतः अकराव्या शतकातील क्सिफिलिनस या भिक्षूने केलेल्या संक्षेपावर विसंबावे लागते. संक्षेप करणारा माणूस करविषयक निर्णय गाळतो आणि चविष्ट प्रसंग ठेवतो. म्हणून आज जो डिओ आपल्यापुढे आहे तो मुळातल्या डिओपेक्षा अधिक चटकदार असणे शक्य आहे.

हेरोडियनही समकालीन, पण सिनेटर नव्हे. त्याला पोशाख, मिरवणुका, वाद्ये, नाच यांचे वर्णन करण्यात रस आहे, तपशिलाच्या अचूकतेत तितका नाही. मुलगा रोममध्ये येण्यापूर्वी त्याने पुजाऱ्याच्या वेषातले आपले भव्य चित्र पुढे पाठवले आणि सिनेटगृहात विजयदेवतेच्या पुतळ्याच्या वर ते लावायला सांगितले, जेणेकरून त्या पोशाखाची लोकांना आधीच सवय व्हावी, ही हकीकत त्याचीच.

सर्वांत खाली ‘हिस्टोरिया ऑगस्टा’ हा चरित्रसंग्रह. सहा लेखकांनी चौथ्या शतकाच्या आरंभी तो लिहिल्याचा आव त्यात आणलेला आहे. १८८९ मध्ये हेर्मान डेसाऊ या जर्मन विद्वानाने तो त्या शतकाच्या अखेरच्या काळातील एकाच लेखकाचे काम असल्याचे मांडले, आणि आज बहुतेक अभ्यासक ते मान्य करतात. त्यात बनावट पत्रे आहेत, बनावट ठराव आहेत, अस्तित्वात नसलेल्या लेखकांचे हवाले आहेत. एलागाबालसच्या चरित्रात मात्र एक सोय आहे. पूर्वार्धात राजकारण, दत्तकविधान आणि शेवट यांची हकीकत बऱ्यापैकी वापरण्याजोगी आहे, आणि नायक मेल्यानंतर चैनीच्या किश्श्यांची जी लांबलचक जंत्री सुरू होते तिच्यात कल्पनेला लगामच राहत नाही. तेव्हा या ग्रंथातला कोणताही किस्सा हाती आला की तो जंत्रीच्या अलीकडचा की पलीकडचा, हे आधी पाहावे. शहर किती मोठे आहे हे कळावे म्हणून सम्राटाने दहा हजार पौंड कोळिष्टके गोळा करवली, ही कथा पलीकडची आहे. गंमत अशी, की या जंत्रीच्या मध्येच लेखक सांगून जातो की यांतल्या काही अविश्वसनीय गोष्टी अलेक्झांडरची मर्जी संपादण्यासाठी लोकांनी रचल्या असाव्यात असे त्याला वाटते. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. परंतु निरीक्षण म्हणून ते वाक्य चोख आहे.

आता प्रत्यक्ष किस्सा तपासताना चार प्रश्न विचारावेत: ही गोष्ट सर्वांत आधी कोण सांगतो, ती सार्वजनिक ठिकाणी घडली की बंद दाराआड, तिच्यासारखीच गोष्ट आधीच्या एखाद्या बदनाम सम्राटाविषयी सांगितलेली आहे का, आणि नाणी किंवा शिलालेख तिला दुजोरा देतात का. प्रत्येक किश्श्याला हे चारही प्रश्न सारखेच लागू पडतील असे नाही, पण एखादाही प्रश्न न विचारता पुढे जाऊ नये.

सर्वांत प्रसिद्ध असलेला फुलांचा किस्सा घेऊ. ‘हिस्टोरिया ऑगस्टा’च्या लॅटिन मजकुरात तो एका वाक्याचा आहे: फिरत्या छताच्या भोजनगृहात सम्राटाने आपल्या आश्रितांना व्हायोलेट आणि इतर फुलांखाली असे गाडले, की वर सरपटत येता न आल्यामुळे काहींचा जीव गेला. बस्स, एवढेच. गुलाब त्यात नाहीत. ते आले १८८८ मध्ये, लॉरेन्स आल्मा-टाडेमा या चित्रकाराच्या कॅनव्हासवर, आणि तेव्हापासून लोकांच्या डोळ्यांपुढे गुलाबच आहेत. सांगणारा हा एकच ग्रंथ, घटनेनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी लिहिलेला. प्रसंग जंत्रीतला. आता साम्य पाहावे: नीरोच्या सुवर्णमहालातील भोजनगृहांना हस्तिदंती फळ्यांचे सरकते छत होते आणि त्यातून पाहुण्यांवर फुले पडत, असे चरित्रकार सुएटोनियसने कितीतरी आधी लिहून ठेवले आहे. तेच छत येथे उसने घेतले आणि त्यात मृत्यूची भर घातली, हा संशय फार बळकट आहे. शिवाय मेलेल्यांपैकी एकाचेही नाव नाही. उलट डिओ मारल्या गेलेल्या मान्यवरांची नावे देतो. सिलियस मेसाला आणि पॉम्पोनियस बासस यांना कसे संपवले आणि बाससच्या पत्नीशी, सम्राट मार्कस ऑरेलियसच्या वंशातील अनिया फॉस्टिनाशी, सम्राटाने लगेच लग्न कसे लावले हे तो सांगतो. ज्याला असल्या प्रकरणांची इतकी बारीक नोंद ठेवायची होती त्याच्या हाती फुलांखाली मेलेले पाहुणे लागले असते तर त्याने ते सोडले नसते. हा किस्सा मी तरी बाजूला ठेवतो.

याच कसोटीवर व्हेस्टल पुजारिणीचे प्रकरण लावून पाहिले तर उत्तर अगदी उलट येते. व्हेस्टा देवीच्या पुजारिणींनी तीस वर्षे ब्रह्मचर्य पाळावे लागे आणि व्रतभंगाची शिक्षा म्हणजे जिवंत पुरणे. अशा अक्विलिया सेव्हेराशी सम्राटाने लग्न केले असे डिओ सांगतो, हेरोडियन सांगतो, आणि तिला ‘ऑगस्टा’, म्हणजे सम्राज्ञी, म्हणणारी, तिची मुद्रा असलेली नाणी आजही संग्रहालयांत आहेत. ही गोष्ट बंद दाराआडची नाही, ती सरकारने टाकसाळीतून जाहीर केलेली आहे. महापुजारी आणि पुजारिणीच्या मीलनातून देवतुल्य संतती व्हावी, असे समर्थन त्याने दिल्याचे डिओ नमूद करतो. त्याच्या पहिल्या पत्नीला, ज्युलिया कॉर्नेलिया पॉलाला, त्यापूर्वी काडीमोड मिळाला होता. अक्विलियानंतर अनिया फॉस्टिना, आणि मग पुन्हा अक्विलिया, असा हा क्रम चार वर्षांच्या आत उरकला. येथे किस्सा खरा, धक्काही खरा.

देवाच्या प्रकरणात नाण्यांचा उपयोग आणखी बारकाईने करावा लागतो. पूर्वेकडील टाकसाळीतल्या एका नाण्यावर चार घोड्यांचा रथ दिसतो; रथात माणूस नाही, तर शंकूच्या आकाराचा दगड आहे, त्यावर गरुड कोरलेला आहे आणि भोवती चार छत्र्या उभारलेल्या आहेत. एमेसाचा देव मूर्तिरूप नव्हता, तो हाच काळा दगड होता. त्याची मिरवणूक निघे तेव्हा रथ हाकायला कोणी बसत नसे आणि सम्राट लगाम धरून, देवाकडे तोंड करून, उलट्या पावलांनी धावत असे, हे हेरोडियनचे वर्णन नाण्यावरच्या त्या रिकाम्या सारथ्याच्या जागेशी चांगले जुळते. मात्र रोममध्ये पाडलेल्या नाण्यांचा कालक्रम लावला की ‘सूर्यदेव एलागाबालचा पुजारी’ या अर्थाच्या पदव्या २२० च्या अखेरीपासून ठळक होतात असे दिसते. म्हणजे २१९ मध्ये राजधानीत आल्यापासूनची पहिली वर्ष-सव्वा वर्षे सरकारी चेहरा बराचसा नेहमीचाच होता. पहिल्या दिवसापासून धर्मवेडाचा कहर होता, असे जे सरसकट लिहिले जाते ते या क्रमापुढे टिकत नाही.

रोमन लोकांना परक्या देवाचे वावडे होते, हाही असाच एक सैल समज. इ.स.पू. २०४ मध्ये याच रोमने सिबेली देवीचा काळा दगड आशिया मायनरमधून समारंभपूर्वक आणून पॅलाटाइन टेकडीवर बसवला होता. डिओचे म्हणणे नीट वाचले तर तो हा फरक स्वतःच करतो: दोष परका देव आणल्याचा नव्हता, दोष त्याला रोमचा प्रमुख देव ज्युपिटर याच्याही वर ठेवल्याचा आणि सम्राटाने स्वतःला त्याचा पुजारी म्हणून ठरावाने नेमून घेतल्याचा होता. शत्रूच्या तोंडून आलेले इतके मोजून-मापून केलेले विधान क्वचित मिळते, आणि माझ्या मते या सबंध कारकिर्दीच्या आकलनाची किल्ली तेथेच आहे. बालकांचे बळी दिल्याचा जो आरोप त्याच पानांत पुढे येतो तो मात्र पूर्वेकडच्या पंथांवर नेहमीच होणाऱ्या आरोपांच्या साच्यातला आहे, आणि ‘हिस्टोरिया ऑगस्टा’ सोडल्यास त्याला दुसऱ्या कशाचाही आधार नाही.

शयनगृहातील आणि लिंगभावाविषयीच्या हकिकतींबाबत सर्वांत अधिक संयम लागतो. कारिया प्रांतातला हिएरोक्लिस नावाचा गुलाम सारथी शर्यतीत सम्राटाच्या समोरच रथावरून पडला, त्याचे शिरस्त्राण निसटले, सोनेरी केस दिसले आणि त्याला तडक राजवाड्यात नेण्यात आले, असे डिओ लिहितो. सम्राट त्याला पती म्हणे. स्मर्नाहून आणलेल्या झोटिकस या मल्लाने ‘स्वामी’ असे संबोधले तेव्हा ‘मी स्वामिनी आहे’ असे त्याने सांगितले. शस्त्रक्रियेने स्त्रीचे शरीर द्यावे म्हणून वैद्यांना मोठ्या रकमा देऊ केल्या. येथे दोन्ही बाजूंचे वजन करावे. पूर्वेकडचा राजा बायकी असतो हा ग्रीक-रोमन निंदेचा ठरलेला साचा होता, आणि डिओ या मुलाला अ‍ॅसिरियाच्या कथेतल्या ‘सार्डानापालस’ या विलासी राजाचे नावच देतो. वैद्यांची हकीकत हेरोडियनमध्ये नाही, जो पोशाख आणि रंगरंगोटीविषयी हात राखून लिहीत नाही. हे सारे तपशील बहुतांशी क्सिफिलिनसच्या संक्षेपातून आलेले आहेत. दुसरीकडे, निंदेचा साचा जुना आहे म्हणून त्यात बसवलेला माणूस तसा नव्हताच, असेही सिद्ध होत नाही. २०२३ मध्ये इंग्लंडमधील नॉर्थ हर्टफोर्डशायर संग्रहालयाने आपल्याकडच्या एलागाबालसच्या नाण्याच्या संदर्भात स्त्रीलिंगी सर्वनाम वापरण्याचे ठरवले तेव्हा जो वाद झाला त्यात दोन्ही पक्ष डिओच्या याच मोजक्या ओळींवर उभे होते. चिकित्सक वाचकाने या हकिकती ‘अनिर्णित’ या रकान्यात लिहाव्यात आणि तेथेच राहू द्याव्यात. हिएरोक्लिसचे राजकीय वजन मात्र त्या रकान्यात घालू नये. सैनिकांनी मर्जीतल्या माणसांना दूर करण्याची मागणी केली, सम्राटाने हिएरोक्लिसला वगळण्यासाठी गयावया केली आणि शेवटच्या दिवशी हिएरोक्लिसही मारला गेला, या गोष्टी छावणीसमोर घडलेल्या आहेत.

शेवटचा टप्पा पतनाच्या कारणांचा. किस्से वाचून असे वाटते की लोकांना वीट आला म्हणून तो गेला. घटनाक्रम वेगळेच सांगतो. पुजाऱ्याच्या वेडापायी घराण्याचेच आसन डळमळीत होत आहे हे मेसाने ओळखले आणि आपली दुसरी मुलगी ज्युलिया ममेया हिच्या मुलाला, म्हणजे अलेक्झांडरला, पुढे केले. २६ जून २२१ रोजी सतरा वर्षांच्या सम्राटाने बारा वर्षांच्या मावसभावाला दत्तक घेऊन ‘सीझर’ हा युवराजाचा किताब दिला. त्या दिवशी सिनेटमध्ये मेसा आणि सोएमियास त्याच्या दोन्ही बाजूंना बसल्या होत्या, असे डिओ सांगतो. ‘हिस्टोरिया ऑगस्टा’तील स्त्रियांच्या वेगळ्या सिनेटची कथा कल्पित असली तरी तिच्यामागे हा खरा प्रसंग असावा. पुढे सम्राटाला आपली चूक कळली, मावसभावाला दूर करण्याचे प्रयत्न त्याने केले, आणि प्रत्येक प्रयत्नाने रक्षकदल त्या मुलाच्या बाजूला अधिकच झुकले. अखेर छावणीतच दंगल झाली. डिओच्या म्हणण्याप्रमाणे एका पेटीत लपून तो निसटला असता, पण सापडला. आई त्याला कवटाळून होती, दोघांचीही डोकी उडवण्यात आली, धडे शहरभर फरफटवली गेली आणि त्याचे धड नदीत टाकण्यात आले.

या दिवसाची तारीख काही पुस्तकांत ११ मार्च तर काहींत १३ मार्च आढळेल. त्याने गोंधळून जाऊ नये. अँटिओकच्या विजयापासून तीन वर्षे, नऊ महिने आणि चार दिवस, हा डिओचा हिशेब ११ च्या आसपास पोहोचतो. तर युफ्रेटिसकाठच्या दुरा-युरोपोस येथे सापडलेल्या सैन्याच्या सणवार-यादीत अलेक्झांडरचे राज्यारोहण १३ आणि १४ मार्चला साजरे करण्याची नोंद आहे. खुनाचा दिवस आणि नव्या सम्राटाच्या घोषणेचा दिवस एकच मानायचा की नाही, यावर उत्तर अवलंबून आहे.

मृत्यूनंतर त्याची स्मृती पुसण्याचा अधिकृत निर्णय झाला आणि शिलालेखांवरची नावे छिन्नीने खरवडली गेली. असा लेख पाहताना खरवडलेल्या जागेची लांबी आणि आजूबाजूच्या पदव्या ताडून मूळ नाव बहुधा ओळखता येते, आणि खोडण्याचे कष्ट जेथे घेतलेले नाहीत अशा जागाही तितक्याच बोलक्या असतात. कारभाराचे सातत्यही असेच तपासावे. २१८ च्या उठावातून वर आलेला कोमाझॉन एलागाबालसच्या काळात रोमचा नगरप्रमुख होता, आणि सम्राटाच्या खुनानंतर नव्या राजवटीत तोच पुन्हा त्या जागी आला. सगळेच रसातळाला गेले होते असे मानणाऱ्याला या एका नेमणुकीचे स्पष्टीकरण द्यावे लागेल. देवांना आपापल्या जागी परत पाठवण्यात आले, असे हेरोडियन मोघम म्हणतो. एमेसाच्या दगडापुरते ते खरे असावे, कारण २५३ मध्ये त्याच शहरात उरेनियस अँटोनायनस नावाच्या बंडखोराने पाडलेल्या नाण्यांवर तो शंकू पुन्हा दिसतो.